शून्य नंबर

गुरुवार, रात्रीचे पावणेअकरा. सोहार.
बंदरामागच्या कॅम्पातली अठराशे माणसं
एकाच वेळी घरी फोन लावतात,
आणि पत्र्याच्या केबिनमध्ये, दोन एसींच्या मधोमध,
माझा सर्व्हर गुदमरतो.

गुदमरतो म्हणजे काय, सांगतो.
आठ प्रोसेसर आहेत त्याला.
सात निवांत, दोन टक्के, तीन टक्के,
जेवणानंतरच्या कचेरीसारखे.
शून्य नंबरचा शंभरावर.

दारात आलेलं पाकीट हाक मारतं.
हाक आली की हातातलं टाकून उठायचं,
कुणाचं ते बघायचं, आत घ्यायचं,
बसायला जावं तर पुढची हाक.
सेकंदाला लाखभर हाका
आणि सगळ्या एकाच्याच नावाने.
का, तर तो पहिला. दुसरं कारण नाही.
मी थोरला आहे. पुढे जाऊ.

बाहेर पायरीवर टेकबहादुर बसलाय,
क्रेन चालवतो, उद्या सुट्टी.
फोनमधली त्याची मुलगी थिजली आहे,
तोंड अर्धं उघडं, वरचे दोन दात नाहीत,
हसते आहे की रडते आहे
हे त्याला कळत नाही.
तो फोन डोक्यावर उंच धरतो,
वर काही जास्त मिळेल म्हणून.
वर काही नाही, भावा. वाटणी इथे आहे.
माणशी पाचशे बारा, असं कंपनीने लिहून दिलं,
मी ते यंत्राला शिकवलं.
कुणाची लेक किती स्पष्ट दिसावी
ते माझ्या एका ओळीत आहे.

आज तेवढंही पोचत नाहीये.

आधी तो आपोआप वाटणारा कारभारी बंद केला.
मनाने चांगला, पण दर दहा सेकंदांनी
याचं उचलून त्याला देतो,
कुणाचंच बूड ठरत नाही.
मग हाताने. कार्डाच्या आठ रांगा,
रांगेला एक धनी.
आणि एका माणसाचं बोलणं एकाच्याच हाती,
नाहीतर 'जेवलास का' मधला 'का'
आधी जाऊन उभा राहतो.

शून्य उतरला. साठ. पन्नास.
मी थर्मासमधला चहा ओतला,
आणि मुलगी तशीच, तोंड अर्धं उघडं.

आता आठही जण घामाघूम,
हातात पाकिटं, एका कुलपासमोर उभे.
हाका वाटल्या होत्या मी,
तराजू एकच ठेवला होता.

तो मोडला.
दोन सेकंद लागतात मोडायला.
दोन सेकंद अठराशे माणसांचं बोलणं तुटलं,
आणि पत्र्यापलीकडून एकदम उठलं
हॅलो, हॅलो, हॅलो,
बंगाली, मल्याळी, पश्तो, भोजपुरी,
सगळ्या भाषांत तोच एक शब्द,
काळोखात हात पुढे करून चालावं तसा.

आठ तराजू लावले. ज्याची रांग त्याचा.
यात एक खोट आहे, ती लपवत नाही:
एका तराजूत उरलेलं
आता शेजारच्या तराजूत टाकता येत नाही.
पहाटे कुणाकडे भरपूर पडून राहील
आणि कुणी बाजूलाच तिष्ठेल.
पुढच्या आठवड्यात बघू.

अकरा वाजून चाळीस. सतरा टक्के, वीस, एकोणीस.
शून्य नंबरचा बावीसवर,
अजून थोडा जास्तच, सवयीने असेल.
पायरीवर टेकबहादुर मोठ्याने काही म्हणाला,
मला त्यातलं 'दाँत' एवढंच कळलं.
मग बराच वेळ तो हसत होता.

माझ्या फोनवर तोवर घरचे चार मिस्ड कॉल.
लावतो. आधी हे संपवू दे,
कारण सगळं नुसतं स्मरणात आहे,
वीज गेली की यंत्र पुन्हा
शून्यालाच हाका मारणार.
फाइलीत लिहिलं. तरी भरवसा नको म्हणून
रॅकवर चिकटपट्टी लावली, ठळक मार्करने:
बंद करू नये.
केल्यास ताबडतोब फोन करा.
खाली नंबर लिहिला,
माझा.